टिळक मास्तरांचा राजीनामा

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच विषय सुरू होतो. कोणते कॉलेज, कोणती शाखा, गेल्या वर्षी यादी किती टक्क्यांना बंद झाली, अनुदानित तुकडी की विनाअनुदानित, आणि फी किती. मावशी, काका, शेजारचे जोशी, सगळे आपापला सल्ला देऊन जातात. या चर्चेत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्या कॉलेजात शिकवणारा माणूस कोण आहे, त्याला काय मिळते, आणि त्या संस्थेत त्याच्या शब्दाला किंमत किती? मुलाला जे काही मिळणार ते अखेर त्याच माणसाकडून मिळणार असते, तरीही.

सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी पुण्यात काही तरुण नेमक्या याच प्रश्नावर एकमेकांशी भांडले. जिवाभावाची मैत्री तुटली, आणि ज्याने संस्था उभारण्यासाठी वकिलीवर पाणी सोडले होते तो प्राध्यापक राजीनामा देऊन बाहेर पडला. त्याचे नाव बाळ गंगाधर टिळक.

नारायण पेठेतल्या केसरीवाड्यात गणेशोत्सवात दर्शनाला जाणाऱ्या कुटुंबांना लोकमान्य माहीत असतात ते मंडालेचे, केसरीचे, स्वराज्याचे. पण राजकारणात पूर्ण उतरण्याआधी या माणसाने आयुष्याची दहा वर्षे खडू हातात घेऊन काढली होती. आपल्याकडे कॉलेज कसे चालते, ते कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या हुकमावर चालते, याचा पुरता अनुभव त्याने तिथे घेतला.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते आणि पुढे शिक्षण खात्यात अधिकारी झाले. त्यांनी त्रिकोणमितीवर पुस्तकही लिहिले होते, म्हणजे गणित घरातलेच. १८६६ साली वडिलांची बदली पुण्याला झाली आणि बाळ पुणेकर झाला. त्याच सुमारास आई गेली. सोळाव्या वर्षी वडीलही गेले. त्याच वर्षी, १८७२ साली, टिळक मॅट्रिक झाले.

मॅट्रिक म्हणजे त्या काळी शाळेची शेवटची परीक्षा नव्हती, ती विद्यापीठाची प्रवेश परीक्षा होती. ही गोष्ट आज विसरली गेली आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी तीन विद्यापीठे निघाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. या विद्यापीठांत कोणी शिकवीत नसे. शिकवणे कॉलेजांनी करावे, अभ्यासक्रम विद्यापीठाने ठरवावा, परीक्षा विद्यापीठाने घ्यावी आणि पदवीही त्यानेच द्यावी, अशी ही वाटणी होती. कॉलेजाने विद्यापीठाशी संलग्न व्हायचे आणि सरकारने मदत द्यायची किंवा रोखायची. आजही आपली बहुतेक कॉलेजे याच चौकटीत चालतात. मुलाचे नाव एका कॉलेजच्या पटावर असते आणि पदवीच्या कागदावर दुसऱ्याच संस्थेचा शिक्का असतो, याचे मूळ तिथे आहे.

टिळक डेक्कन कॉलेजात दाखल झाले. पहिले वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा शरीर कमावण्यात घालवले. व्यायाम, पोहणे, होडी वल्हवणे आणि भरपूर खाणे. वर्ष वाया गेले, पण पुढच्या तुरुंगवासांत हीच कमाई कामाला आली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. केरूनाना छत्र्यांसारखा गणिताचा गुरू तिथे लाभला. टिळक पहिल्या वर्गात बी. ए. झाले. नंतर गणित घेऊन एम. ए.ला बसले, तेव्हा यश आले नाही. निकालाच्या दिवसांत ज्या घरांत तोंडे उतरलेली असतात, तिथे ही गोष्ट जरूर सांगावी. पुढे वेदांच्या कालनिर्णयावर ग्रंथ लिहून परदेशी पंडितांना विचार करायला लावणारा हा माणूस एम. ए.ची परीक्षा उतरू शकला नव्हता.

टेकडीवरचा संकल्प

एल्एल. बी.चा अभ्यास करण्यासाठी टिळक डेक्कन कॉलेजच्या वसतिगृहात राहिले, तेव्हा त्यांची गाठ गोपाळ गणेश आगरकरांशी पडली. दोघे एकाच वयाचे, पण घरची स्थिती निराळी. टिळकांना कोकणातल्या थोड्याफार खोतीचा आधार होता. आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. अंगावरचा एकुलता सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालायचा, अशा दारिद्र्यात त्यांनी शिक्षण केले. कॉलेजामागच्या टेकडीवर दोघांच्या रात्र रात्र गप्पा चालत. देशाची ही स्थिती का, आणि आपण काय करायचे? शिक्षणाशिवाय उपाय नाही आणि सरकारी नोकरीत राहून आपल्या मनासारखे शिक्षण देता येणार नाही, या निष्कर्षावर दोघे आले. मोठ्या पगाराच्या आशेवर बसलेल्या आईला आगरकरांनी पत्र लिहून कळवले, की आपण पैशाच्या मागे जाणार नाही, पोटापुरते मिळवून बाकीचे आयुष्य लोकांसाठी देणार आहोत.

याच सुमारास निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली होती. त्यांना स्वतःची शाळा काढायची होती. टिळक त्यांना जाऊन मिळाले. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. माधवराव नामजोशी आले, वामन शिवराम आपटे आले आणि एम. ए. होऊन आगरकर आले. पुढच्याच वर्षी जानेवारीत केसरी आणि मराठा ही वृत्तपत्रे निघाली. शाळेची मुले मॅट्रिकला चमकू लागली, संस्कृतसाठी मानाची समजली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावू लागली आणि पुण्यात या शाळेचा बोलबाला झाला.

१८८२ हे साल कसोटीचे ठरले. मार्चमध्ये चिपळूणकर वारले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. जुलैत कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस काढले. शाळा मोडेल असे अनेकांना वाटले, पण ती मोडली नाही. त्याच वर्षी हिंदुस्थानातल्या शिक्षणाची पाहणी करणारे हंटर कमिशन नेमले गेले होते आणि खाजगी देशी संस्थांना उत्तेजन द्यावे असा वारा वाहत होता. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव कॉलेजला दिले, कारण सरकारची मान्यता, संस्थानिकांच्या देणग्या आणि विद्यापीठाची संलग्नता या तिन्हींची गरज होती. स्वाभिमानी तरुणांच्या संस्थेला गव्हर्नरचे नाव कसे, असा प्रश्न आजच्या मुलांना पडतो. त्याचे उत्तर हे असे साधे आणि व्यवहारी आहे.

कॉलेज भरत होते शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात. आजच्या भव्य इमारतीत ते १८९५ साली गेले. वामनराव आपटे प्राचार्य झाले. टिळक गणित शिकवीत आणि संस्कृतही, त्यांनी मेघदूत शिकवल्याची नोंद आहे. गणिताच्या तासाला ते फळ्याचा फारसा उपयोग करीत नसत. उदाहरण मनात सोडवून तोंडी पायऱ्या सांगत जात. हुशार मुलांना ते आवडे आणि बेताच्या मुलांची तारांबळ उडे. चांगला शिक्षक सर्वांना सारखाच चांगला वाटतो असे नाही, हे तेव्हाही खरे होते.

पंचाहत्तर रुपये आणि वीस वर्षे

या संस्थेचे खरे वैशिष्ट्य तिच्या नियमात होते. संस्थेचा मालक कोणी सावकार नव्हता, सरकार नव्हते, मिशनही नव्हते. शिकवणारे प्राध्यापक हेच संस्थेचे आजीव सभासद आणि तेच चालक. आजीव सभासदाने वीस वर्षे सेवा करायची, महिना ७५ रुपये घ्यायचे आणि त्याचा ३,००० रुपयांचा विमा संस्थेने उतरवायचा. सरकारी कॉलेजातला प्राध्यापक याच्या कितीतरी पट पगार घेत असे. हा फरक म्हणजेच संस्थेचे भांडवल होते. जमीन, इमारत, देणग्या हे सारे नंतर आले. आधी आली ती या माणसांनी न घेतलेली रक्कम.

कल्पना मोठी होती, पण संसारही लहान नव्हते. मुले झाली, आजारपणे आली. सुरुवातीला दोघांत तिघांत भागणारे पैसे पुरेनासे झाले. १८८६–८७ पासून पगारवाढीचा विषय निघू लागला. आगरकरांना आणि इतर काहींना वाटे, की प्राध्यापकाला निश्चिंतपणे जगता आले पाहिजे, आणि संस्थेचे काम नीट सांभाळून उरलेल्या वेळात कोणी पुस्तक लिहिले, चार पैसे मिळवले तर त्यात गैर काय? टिळकांचे म्हणणे याच्या उलट होते. आजीव सभासदाचा सगळा वेळ आणि सगळी शक्ती संस्थेची आहे, बाहेर काही मिळवलेच तर ते संस्थेच्या तिजोरीत जावे. नाहीतर संस्था हे पायरी म्हणून वापरायचे ठिकाण होईल आणि समाजाचा विश्वास जाईल. ख्रिस्ती धर्मातल्या जेझुइट पंथीयांच्या निःसंग सेवेचा आदर्श त्यांच्यापुढे होता.

या वादात खरे कोणाचे? शांतपणे पाहिले तर दोघांचेही. आगरकरांचा त्याग टिळकांपेक्षा तसूभरही कमी नव्हता. उलट ज्याच्या पाठीशी काहीच नाही, त्याचे पंचाहत्तर रुपये वेगळे असतात. आणि बाहेरचे काम म्हणावे, तर वृत्तपत्रांचा व्याप टिळकांमागेही होताच. दुसरीकडे, एकदा नियम सैल झाला की तो कुठे थांबेल हे सांगता येत नाही, ही टिळकांची भीतीही पोकळ नव्हती. समाजसुधारणेवरून दोघांत आधीच अंतर पडले होते. १८८७ साली आगरकरांनी केसरीचे संपादकपद सोडले आणि पुढच्या वर्षी सुधारक काढला. पगाराचा वाद आणि मतांचा वाद एकमेकांत मिसळले आणि बैठकांत शब्द कडवट होऊ लागले.

१८९० साली तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले. कॉलेजच्या वेळाचा आणि शक्तीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. बहुमत टिळकांच्या बाजूने नव्हते. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला आणि त्यासोबत लांबलचक निवेदन लिहून संस्थेचा सारा इतिहास आणि मतभेदाचा सारा हिशेब मांडला. गणिती माणसाने सोडवलेले आयुष्यातले सर्वांत अवघड उदाहरण ते असावे. उत्तर त्यांच्या मते बरोबर होते, पण दहा वर्षांचे घर सुटले.

वादातून उरलेली हानी फार मोठी होती. आपटे १८९२ साली चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्यानंतर आगरकर प्राचार्य झाले आणि १८९५ च्या जूनमध्ये, चाळिशीही न गाठता, तेही गेले. टेकडीवर बसून स्वप्न पाहणाऱ्या दोन मित्रांची मने पुन्हा पहिल्यासारखी जुळली नाहीत.

दाराबाहेरचे प्राध्यापक

टिळक गेल्यावर रिकामी झालेली गणिताची जागा भरण्यासाठी गोखल्यांनी मुंबईहून एका शिक्षकाला बोलावले. १८९१ साली ते फर्ग्युसनमध्ये आले. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. पुढे याच कर्व्यांनी हिंगण्याला संस्था उभारली आणि १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. एकाच्या राजीनाम्याने दुसऱ्या महर्षीसाठी पुण्याचे दार उघडले, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. विलक्षण अशासाठीही, की मुलींच्या उच्च शिक्षणाबाबत टिळकांची दृष्टी फार अरुंद होती. १८८४ साली सुरू झालेल्या हुजूरपागेच्या शाळेत मुलींना मुलांसारखा इंग्रजी अभ्यास, तोही दिवसभर, कशाला हवा, अशी टीका त्यांनी केसरीतून केली होती. आज हुजूरपागेच्या मुलींची रांग लक्ष्मी रस्त्यावरून जाताना पाहिली, की या एका प्रश्नात काळाने आगरकर-कर्व्यांच्या बाजूने निकाल दिला हे कोणालाही मान्य करावे लागेल. थोर माणसाचे चरित्र सांगताना हे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

कॉलेज सुटले तरी शिकवणे सुटले नाही. टिळकांनी कायद्याच्या परीक्षांसाठी खाजगी वर्ग चालवला आणि त्यावर संसार आणि वृत्तपत्रांचे कर्ज ओढले. केसरी आणि मराठा त्यांच्याकडे आले होते. आता वर्ग मोठा झाला होता, सारा महाराष्ट्र समोर बसला होता.

विद्यापीठांच्या कारभारावरचे त्यांचे लक्षही सुटले नाही. १९०४ साली लॉर्ड कर्झनने विद्यापीठ कायदा आणला. सिनेटवर सरकारनियुक्त सभासदांचे वर्चस्व राहील आणि संलग्न कॉलेजांवर देखरेख कडक होईल, अशी ही योजना होती. त्या देखरेखीचा परिणाम लवकरच दिसला. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. त्यात पुढाकार घेतलेल्या विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याला फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. टिळकांनी केसरीतून त्यावर कडक टीका केली. आपणच उभारलेल्या कॉलेजने असे वागावे याचे दुःख त्यात होते. पण परांजप्यांच्या बाजूनेही पाहायला हवे. अनुदान सरकारचे, संलग्नता विद्यापीठाची आणि विद्यापीठावर पकड सरकारची. प्राचार्याच्या खुर्चीवरून दिसणारे जग आणि संपादकाच्या खुर्चीवरून दिसणारे जग एक नसते.

त्याच वर्षी टिळकांनी नारायण पेठेतला गायकवाडांचा वाडा विकत घेतला. छापखाना, कचेरी, ग्रंथसंग्रह आणि राहते घर एका अंगणात आले. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये स्वराज्य, स्वदेशी आणि बहिष्कार यांच्या जोडीला राष्ट्रीय शिक्षण आले. सरकारी मदत आणि विद्यापीठाची परीक्षा दोन्ही नाकारणारे शिक्षण, असा त्याचा अर्थ होता. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांच्या तळेगावच्या समर्थ विद्यालयासाठी टिळकांनी गावोगाव हिंडून निधी जमवला. १९०८ साली टिळक मंडालेला गेले आणि १९१० साली सरकारने ते विद्यालय बंद पाडले. सरकारच्या मदतीवर चालणारी संस्था सरकारच्या दबावाखाली येते आणि मदतीशिवाय चालणारी संस्था टिकवणे कठीण जाते, हे दोन्ही अनुभव एकाच माणसाच्या वाट्याला आले.

मंडालेहून १९१४ साली ते परतले, तेव्हा वाड्यात सत्यभामाबाई नव्हत्या, त्या दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. गीतारहस्याचे हस्तलिखित मात्र लिहून झालेले होते. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात टिळकांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाने टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले, राष्ट्रीय शिक्षणाची तीच कल्पना घेऊन. त्याला केंद्र सरकारचा अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो १९८७ साली. म्हणजे पदवीला सरकारी मान्यता मिळायला सहासष्ट वर्षे लागली.

हिशेब अजून बाकी आहे

आजीव सभासदांची पद्धत मात्र टिकली आणि पसरली. १९१६ साली निघालेले आजचे सर परशुरामभाऊ कॉलेज याच पद्धतीवर उभे राहिले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने हीच परंपरा खेड्यापाड्यांत नेली. गोखल्यांनी भारत सेवक समाजाची घडीही अशाच आजन्म सेवेच्या नियमावर बसवली. महाराष्ट्रातले उच्च शिक्षण कित्येक दशके अशा पोटाला चिमटा घेणाऱ्या माणसांनी चालवले.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि इथली कॉलेजे मुंबईऐवजी त्याच्याशी जोडली गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ साली कायद्याचे अधिष्ठान मिळाले. पुढे अनुदानित कॉलेजांतल्या प्राध्यापकांचे पगार सरकारी तिजोरीतून होऊ लागले आणि शिक्षकाला प्रथमच मध्यमवर्गीय सुरक्षितता मिळाली. आगरकरांना हवे होते ते इतक्या वर्षांनी घडले. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि कॉलेजचा खर्च पालकांच्या खिशातून भागवण्याचे युग सुरू झाले. आज एकाच कॉलेजात एक प्राध्यापक वेतन आयोगाचा पगार घेतो आणि शेजारच्या वर्गात तीच पदवी असलेला दुसरा तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशेबाने शिकवतो.

टिळकांचे पंचाहत्तर रुपये आणि या तरुण प्राध्यापकाचे तुटपुंजे मानधन यांत एक मोठा फरक आहे. टिळकांनी कमी घेतले ते स्वेच्छेने, आणि त्या बदल्यात संस्थेचा निर्णय त्यांच्या हातात होता. इतका, की मतभेद झाला तेव्हा भांडता आले आणि ताठ मानेने बाहेर पडता आले. आजच्या तासिकावाल्याकडून त्याग तेवढा घेतला जातो, निर्णयात वाटा मिळत नाही. असा त्याग टिळकांनाही मान्य झाला नसता आणि आगरकरांनाही नाही. त्या एका गोष्टीवर तरी दोघे मित्र पुन्हा एका बाजूला बसले असते.

तेव्हा या वर्षी प्रवेशाचा अर्ज भरताना ग्रंथालय, प्रयोगशाळा, टक्केवारी हे सारे पाहावेच. जोडीला कॉलेजात एक चौकशी आणखी करावी. इथे कायमचे शिक्षक किती, आणि घड्याळ पाहून पळणारे किती? पालकांनी हा प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर संस्थांना उत्तर शोधावे लागेल.